व्यवसायाचा रकाना

२०२३ची दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक जोडपं आलं. पूर्वी तिथे दंतवैद्याचा दवाखाना होता आणि भिंतीवर अजून नळाच्या खुणा आहेत. बाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यासमोर सरकवला. प्रादेशिक सेनेच्या, म्हणजे ज्याला सगळे टेरिटोरियल आर्मी किंवा नुसतं टीए म्हणतात तिच्या, अधिकारपदासाठी अर्धवट भरलेल्या अर्जाची ती प्रिंट होती. नाव, जन्मतारीख, शिक्षण भरलेलं. व्यवसायाचा रकाना कोरा.

"प्रिंटरमध्ये सापडला हा," त्या म्हणाल्या. "मुलीच्या प्रोजेक्टचं पान काढायला गेले होते. अकरा वर्षांची मुलगी विचारते, आई, बाबा मिलिटरीत चाललेत का? मी काय सांगू तिला, ताई?"

गृहस्थ इतका वेळ चपलांच्या रॅककडे बघत होते. त्यांचं पहिलं वाक्य असं: "मॅडम, मी खोटं काही लिहिलेलं नाही. कोरं ठेवलंय."

पुढची दोन-सव्वादोन वर्षं या वाक्याभोवतीच गेली असं आता वाटतं. तेव्हा मला ते वकिली उत्तर वाटलं होतं.

दोघांच्या परवानगीने हे लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पुरुषाला मी पंत म्हणेन, कारण कॉलेजच्या स्टाफरूममध्ये त्यांना तेच म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. पत्नीला वहिनी. आमच्या धंद्यात अशा वेळी 'क्ष' आणि 'य' लिहायची पद्धत आहे, पण माणसांचं बीजगणित केलेलं मला आवडत नाही.

पार्श्वभूमी

पंत तेव्हा ३९ वर्षं तीन महिन्यांचे. शिक्षण बी. कॉम., मग नऊ वर्षं विमा कंपनीत नोकरी. ३१व्या वर्षी ती सोडून इतिहासात एम. ए. केलं, सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा पास झाले आणि २०१९ मध्ये पीएच.डी.ला नाव नोंदवलं. सोबत एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत. तासिका तत्त्व ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. दर वर्षी नव्याने मुलाखत, नव्याने नेमणूक, घेतले तेवढ्या तासांचे पैसे, तेही कधी दिवाळीनंतर तर कधी मार्चअखेर, आणि उन्हाळ्यात शून्य. वहिनी राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी. नौपाड्यातली जुनी इमारत पुनर्विकासाला गेल्यापासून बिऱ्हाड घोडबंदर रोडला भाड्याच्या घरात, त्यामुळे त्यांचे रोजचे तीन-साडेतीन तास बस आणि लोकलमध्ये. घरात पंतांची आई, वय ७१.

पंत सनातनी वळणाचे. स्वतःला ते परंपरावादी म्हणतात. रोजची संध्या, चातुर्मासात कांदा-लसूण बंद, सणावाराला सोवळ्यातला स्वयंपाक, बाहेरचं खाणं शक्यतो नाही. मुलीने सात वाजता, दिवेलागणीला घरात असायचं. राजकारणातली मतंही त्याच बाजूची, आणि विद्यापीठाच्या चर्चासत्रांत त्यांचे बहुतेकांशी खटके उडत. माझी मतं जवळजवळ त्याच्या उलट आहेत, हे मी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. ते म्हणाले, "बरं झालं. सारखी मान डोलावणाऱ्या माणसाला मी पैसे दिले नसते." पैसे वहिनी देत होत्या, पण ते नंतर.

त्यांच्या गाईड बाई डाव्या विचारांच्या. पंत त्यांच्याविषयी फार आदराने बोलत. प्रबंधाच्या एका प्रकरणाच्या समासात बाईंनी पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता, 'पुरावा?', आणि त्या शब्दावर पंतांनी तीन महिने पुण्याच्या पुरालेखागारात मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे गठ्ठे, उघडण्यात घालवले होते. मतं जुनी असली तरी माणूस पुराव्याला शरण जाणारा आहे, एवढं मी तेव्हा नोंदवहीत लिहून ठेवलं. पुढे ते कामाला आलं.

प्रबंधाचा विषय होता मराठ्यांची साष्टीची, म्हणजे पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या ठाणे-मुंबईकडच्या बेटाची, मोहीम. १७३७च्या मार्चअखेर मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला तेव्हा पोर्तुगीज तो अजून बांधतच होते. त्यानंतर दोन वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई घेतली. ठाण्याचा तो किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. पंत सांगत, "कोर्ट नाक्यावरून रोज हजारो लोक जातात, एकालाही ठाऊक नसतं की ही तुरुंगाची भिंत नाही, तट आहे." चार वर्षं हा माणूस दारूगोळ्याचे हिशेब आणि रसदीच्या मागण्या वाचत बसला होता, आणि संध्याकाळी घरी आल्यावर आई विचारायची, "आज किती पानं झाली रे?"

सैन्याची ओढ मात्र प्रबंधाआधीची. बारावीत असताना त्यांनी एन.डी.ए.चा, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा, फॉर्म आणला होता. एकुलता एक मुलगा म्हणून वडिलांनी सही केली नाही. शिवाजी जन्मावा तो शेजारच्या घरात, ही म्हण आपल्याकडे हसत हसत सांगतात. पंतांच्या घरी ती कुणी उच्चारली नाही, नुसती अमलात आणली. साताऱ्याकडच्या आपशिंग्यासारख्या गावात मुलगा भरती झाला नाही तर लोक कारण विचारतात. नौपाड्यात भरती व्हायचं म्हटलं तर कारण विचारतात. पुढे पदवीनंतर पंतांनी सी.डी.एस.ची, म्हणजे पदवीधरांना सैन्यात अधिकारी होण्यासाठी असते ती, लेखी परीक्षा एकदा दिली, ती निघाली नाही, आणि विषय मिटला. वडील २०११ साली गेले. सही न केलेला तो फॉर्म त्यांच्या कपाटात, एल.आय.सी.च्या पावत्यांच्या फाइलीत सापडला. वडिलांनी तो फेकला का नव्हता, हा प्रश्न पंत मला तीन वेगवेगळ्या भेटींत विचारून गेले.

उघडं राहिलेलं एकच दार

घरात या अर्जावरून जे रणकंदन झालं होतं, त्यातलं निम्मं माहितीच्या अभावातून होतं. आईला वाटत होतं मुलगा सीमेवर चालला. वहिनींना वाटत होतं नवरा संसार सोडून चालला. पंतांना वाटत होतं गणवेश मिळाला की बाकीचं आपोआप सुटेल. म्हणून दुसरी भेट मी जवळजवळ पूर्ण नियम वाचण्यात घालवली. ते समुपदेशकाचं काम नाही असं कुणी म्हणेल, पण माझा अनुभव असा की अर्धी भांडणं न वाचलेल्या कागदावरून असतात.

चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला भारतीय सैन्याची बाकी सगळी दारं बंद असतात. एन.डी.ए. एकोणिशी संपताना मागे पडते. सी.डी.एस. पंचविशीच्या आसपास. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली तिची मर्यादा २१, फक्त पहिल्या वर्षापुरती २३ केली होती. सैन्यात धर्मगुरूचं पद असतं, नायब सुभेदाराच्या हुद्द्याचं. पलटणीत त्यांना पंडितजी म्हणतात. पंतांच्या आईला ते कुठूनसं कळलं आणि त्यांनी सुचवलं, "जायचंच तर पूजा सांगायला जा." पण त्याची वयोमर्यादाही तिशीतच संपते, आणि पंत मुळात त्यावर इतके चिडले की तो विषय मी पुन्हा काढला नाही.

उरते ती प्रादेशिक सेना. तिचा कायदा १९४८चा, आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी पहिले भारतीय गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिचं उद्घाटन केलं. अधिकारी होण्यासाठी वय १८ ते ४२, पदवी, शारीरिक पात्रता. आधी लेखी परीक्षा, मग प्राथमिक मुलाखत मंडळ, मग एस.एस.बी., म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या चाचण्या, मग वैद्यकीय तपासणी. लोकांना यातलं फक्त धोनीचं नाव माहीत असतं, पण २०११ मध्ये त्याला मिळालेला लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा मानद होता. पंतांच्या डोळ्यांपुढे सचिन पायलट होते. २०१२ मध्ये, केंद्रात मंत्री असताना आणि वयाच्या ३५व्या वर्षी, रीतसर निवड होऊन ते लेफ्टनंट झाले. पायलट पंतांच्या नावडत्या पक्षाचे. तरी त्यांच्याविषयी बोलताना पंतांचा आवाज बदलायचा. न्यू जर्सीतला त्यांचा मावसभाऊ फोनवर सांगत होता की इराक युद्धाच्या काळात, २००६ मध्ये, अमेरिकी लष्करानेही भरतीचं वय ४२ पर्यंत नेलं होतं. त्याचा इथे उपयोग शून्य, पण पंतांना त्या आकड्याने धीर आला. आपण एकटेच वेडे नाही, एवढंच.

निवड झाली तर पहिल्या वर्षी महिनाभराचं मूलभूत प्रशिक्षण, मग दर वर्षी दोन महिन्यांचं शिबिर, आणि पहिल्या दोन वर्षांत कधीतरी तीन महिन्यांचं पुढचं प्रशिक्षण. हे ऐकून आई जरा सैलावल्या. सेवेवर बोलावलं तेवढ्या काळात नियमित सेनेसारखा पगार. निवृत्तिवेतनाची हमी नाही. हे करिअर नाही, असं जाहिरातीतच स्पष्ट लिहिलेलं असतं.

आणि मग ती अट. अर्जदाराला स्वतःचा, चालू असलेला उपजीविकेचा उद्योग हवा. नोकरी असेल तर मालकाचं प्रमाणपत्र, स्वतःचा व्यवसाय असेल तर उत्पन्न सांगणारं प्रतिज्ञापत्र. ही या सेनेची मेखच आहे म्हणा ना: पोट दुसरीकडे भरणाऱ्या माणसाने देशाला लागेल तेव्हा यायचं आणि काम झालं की आपल्या धंद्याला परतायचं. परतल्यावर मालकाने त्याला कामावर घेतलं पाहिजे अशी तरतूदही त्या कायद्यात आहे. ज्याचं पोट दुसरीकडे भरत नाही, त्याच्यासाठी ही सेना नाही.

पीएच.डी.चा विद्यार्थी म्हणजे उद्योग नव्हे. तासिका तत्त्वाची नेमणूक त्या वर्षी डिसेंबरात संपत होती आणि पुढच्या सत्राचं पत्र नव्हतं. रकाना कोरा का राहिला ते आता तिघांनाही दिसत होतं.

खण

तिसरी भेट शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी झाली. पंतांच्या मामांची भिवंडीकडे गोदामांची एजन्सी आहे. मामांनी फोन करून सांगितलं होतं, पत्र देतो, लेटरहेड आहे, लिही तुला काय पद पाहिजे ते. घरात सगळ्यांना हा उपाय मान्य होता, आईंनाही.

पंत म्हणाले, "शपथ घ्यायला जायचं आणि पहिलाच कागद खोटा? मी मामांना नाही म्हणून आलोय."

मला ते आवडलं. मी तसं म्हणणारही होते. तेवढ्यात वहिनी, अगदी साध्या आवाजात, हिशेब विचारावा तसं म्हणाल्या, "अहो, आणि आपला खण?"

मला काही कळेना. पंतांना कळलं. ते उठून बाहेर गेले आणि जिन्यात उभे राहिले.

त्यांच्या घरी देव्हाऱ्याखाली एक खण आहे. पंतांचे वडील दर एक तारखेला पगार आणून त्या खणात ठेवत आणि दिवा लागल्यावर तो उघडून ज्याला त्याला वाटून देत. ते गेल्यावर पंत तसंच करू लागले. २०१५ मध्ये पंतांनी नोकरी सोडली तेव्हा हे आईला सांगायचं कसं, या धास्तीने नवराबायको चार रात्री झोपले नव्हते. शेवटी "कॉलेजात लागलो" एवढंच सांगायचं ठरलं, आणि एक तारखेला वहिनींनी स्वतःच्या पगारातून रक्कम काढून गुपचूप खणात ठेवली. कल्पना वहिनींचीच. एका महिन्यापुरती होती. त्याला आठ वर्षं झाली.

तेव्हापासून दर एक तारखेला पंत दिवा लागल्यावर खण उघडतात, नोटा मोजतात आणि आईच्या हातात घरखर्चाचे, मुलीच्या हातात खाऊचे, वहिनींच्या हातात भाजीचे आणि लोकलच्या पासाचे पैसे ठेवतात. वहिनी स्वतःच्याच पगारातले पासाचे पैसे हात पुढे करून घेतात. आई दर वेळी म्हणतात, "बघ, कर्ता पुरुष असला की घर असं चालतं."

"मला त्याचा राग नव्हता, ताई," वहिनी म्हणाल्या. "मीच सुरू केलं ते. पण हल्ली ते मोजतात तेव्हा खरंच मोजतात. मागच्या महिन्यात म्हणाले, या वेळी तू जास्त खर्च केलास. त्यांना आठवतच नाही आता, कुणाचे आहेत ते."

मी बऱ्याच जोडप्यांबरोबर बसले आहे. मारहाण, व्यसनं, दुसरी बाई, सगळं ऐकलंय. पण पासाच्या पैशांसाठी पुढे केलेला तो हात माझ्या डोळ्यांपुढून बरेच दिवस हलला नाही. आणि तरी पंत दुष्ट नव्हते. पुरुषाने घर चालवावं असं मनापासून मानणाऱ्या माणसाला आपलं घर बायको चालवते हे पेलत नव्हतं, आणि बायकोने मायेपोटी त्याला ते न पेलण्याची सोय करून दिली होती. मतं आणि जगणं यातलं अंतर त्या खणात बसत होतं, म्हणून कुणाला दिसत नव्हतं. सरकारी अर्जातल्या एका रकान्याने ते दाखवलं.

दहा मिनिटांनी पंत आत आले. बसले नाहीत. "या वर्षी अर्ज भरत नाही," म्हणाले. वहिनींना म्हणाले, "तू विचारलंस ते बरोबर आहे." दोघं निघून गेले. शेवटची तारीख गेली.

माझी एक चूक

इथे माझी चूक लिहायला हवी. त्या वेळच्या नोंदीत मी लिहिलं होतं: 'प्रबंध टाळण्यासाठी सैन्याची कल्पना. मुदत जवळ येईल तशी ओढ वाढेल, मुदत गेली की ओसरेल.' पीएच.डी.ला सहा वर्षांची मर्यादा असते, त्यांची २०२५ मध्ये भरत होती, आणि पाचव्या वर्षी घाबरून वेगळंच काहीतरी धरणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. तेव्हा हे निदान मला फार चतुर वाटलं. ते चुकलं. अर्ज न भरल्यावर ओढ ओसरली नाही, आणि प्रबंधही थांबला नाही. उलट दोन्हींना वेग आला.

कारण मोडी. त्याच वर्षी राज्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला होता. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचं काम चालू होतं आणि तहसील कचेऱ्यांतून, शाळांतून जुने कागद बाहेर निघत होते. कोतवाल बुकं, जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळांचे दाखल-खारीज. त्यातलं कितीतरी मोडीत. लोकांच्या हातात आजोबांचा कागद होता आणि तो वाचता येत नव्हता. शहापूर-मुरबाडकडचे लोक पंतांच्या कॉलेजात येऊन विचारू लागले, इथे मोडी वाचणारे सर कोण?

पंत वाचून देत. फुकट. "विद्या विकायची नसते, मॅडम."

"मग तासिका तत्त्वावर काय करता?" वहिनींनी विचारलं. मला हसू आवरलं नाही. पंतही हसले, पण तीन-चार दिवसांनी त्यांचा फोन आला की पानामागे किती घेणं रास्त होईल. मी म्हटलं, हे मला विचारू नका, बँकेत अधिकारी घरात आहे.

दर वहिनींनीच ठरवला. पावतीपुस्तक छापलं. लिप्यंतराखाली सही-शिक्का आला. गरिबाकडून पैसे घ्यायचे नाहीत अशी पंतांची अट, आणि गरीब कोण हे पंतांनी एकट्याने ठरवायचं नाही अशी वहिनींची. २०२४च्या जुलैत पंतांनी नऊ वर्षांनी स्वतःचं आयकर विवरणपत्र भरलं, त्यात व्यवसाय म्हणून लिहिलं: मोडी लिप्यंतर व अभिलेख वाचन. त्याची प्रत मला दाखवायला घेऊन आले होते. मी पाहिलं, रकाना भरलेला होता. रक्कम फार नव्हती.

खणाचं काय झालं, असं विचारणारे विचारतीलच. पंतांनी फेब्रुवारीतच एका एक तारखेला आईंना सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं आई रडतील किंवा म्हणतील की मला सगळं कधीच कळलं होतं. तसलं काही झालं नाही. आई सुनेवर भडकल्या. आठ वर्षं माझ्या मुलाला माझ्यासमोर खोटं उभं केलंस, म्हणून पंधरा-वीस दिवस त्यांनी वहिनींशी अबोला धरला. मुलाशी मात्र नीट बोलत होत्या. याला न्याय म्हणत नाहीत, पण घरांत असंच होतं. अबोला सुटला तोही समजुतीने नाही. वहिनींना डेंग्यू झाला आणि पपईच्या पानांचा रस कुणी काढायचा असा प्रश्न आला.

आता खणात दोन पाकिटं असतात. पैसे अजून पंतच वाटतात, आईंना तेच हवं आहे. पण पासाचे पैसे त्यात नसतात.

येऊर, आणि मे महिना

शरीराचं थोडक्यात सांगते. उंची ५ फूट ६ इंच, वजन ८४ किलो, रक्तदाब सीमेवर. पंत पहाटे साडेपाचला उपवनला जात आणि तिथून येऊरच्या चढाला लागत. पहिल्या महिन्यात गुडघा धरला. अस्थिरोगतज्ज्ञांनी तीन आठवडे घरी बसवलं आणि सांगितलं की आधी चाला. येऊर म्हणजे राष्ट्रीय उद्यानाची कड, बिबट्याचा वावर असतो, म्हणून वहिनींनी अंधारात जायला बंदी घातली. मग संध्या आणि धावणं यांच्या वेळा एकमेकांवर आल्या. पंतांनी दोन दिवस विचार करून संध्या आधी आटोपायचं ठरवलं. दीड वर्षात वजन ७२ वर आलं.

सोवळ्याचा प्रश्न त्यांनी स्वतःच काढला. छावणीत एका मेसमध्ये, कुणाच्याही शेजारी बसून जेवायचं. शाकाहारी मिळतं, पण पंगत निवडता येत नाही. मी काही बोलले नाही, कारण इथे माझं मत इतकं ठाम आहे की ते बोलून उपयोग नसतो. त्यांनी घरी आईंना सांगितलं, "चिमाजी अप्पांच्या फौजेत आगरी होते, कोळी होते, भंडारी होते. माझ्याच प्रबंधात आहेत." आई म्हणाल्या, "प्रबंधात असू देत." पण त्या गणपतीत पंतांनी मोडीच्या कामामुळे ओळख झालेल्या शहापूरच्या एका आगरी कुटुंबाला घरी जेवायला बोलावलं आणि आई वाढायला उभ्या राहिल्या. त्या मनापासून राहिल्या की पाहुण्यांसमोर, ते मी विचारलं नाही.

पुढच्या जाहिरातीची वाट पाहण्यात दीड वर्षाच्या आसपास गेलं आणि मग मे २०२५ आला. ऑपरेशन सिंदूरचे ते दिवस. प्रादेशिक सेनेच्या प्रत्येक अधिकाऱ्याला आणि जवानाला गरजेप्रमाणे बोलावून घेण्याचा अधिकार केंद्राने लष्करप्रमुखांना दिल्याची बातमी आली. १९४८च्या नियमावलीतला ३३वा नियम, ३२ पायदळ पलटणींपैकी १४ तैनातीसाठी. रात्री दहाला वहिनींचा फोन. असा वेळी-अवेळी फोन त्यांनी पहिल्यांदाच केला होता.

"ताई, तुम्ही तर वर्षाला दोन महिने म्हणाला होतात."

म्हणाले होते. सेवेवर बोलावलं तर अधिक काळ राहावं लागतं हेही म्हणाले होते, पण ते मी भरभर म्हटलं असणार. ठाण्यातल्या शांत खोलीत नियम वाचताना ते कलम छापील ओळीसारखंच वाटतं. मी वहिनींना उद्या दोघं या म्हटलं.

त्या भेटीत पंत पहिल्यांदा वहिनींना माझ्यासमोर विचारते झाले. "अर्ज भरू का?" दीड वर्षापूर्वी हेच न विचारता त्यांनी प्रिंट काढली होती. वहिनी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी त्यांचे प्रश्न काढले, आणि बँकेतल्या कर्ज-अर्जासारखे एकामागून एक: तुम्ही सहा महिने नसलात तर आईंना दवाखान्यात कोण नेणार? भाडेकरार सप्टेंबरात संपतो. मुलीची आठवी. तुमचा विमा. प्रबंध कधी देणार? पंतांनी वही काढून लिहून घेतलं. उत्तरं द्यायला त्यांना आठवडा लागला. प्रबंधाच्या उत्तरासाठी ते तारीख घेऊन आले आणि ती त्यांनी पाळली. गाईड बाईंनी शेवटच्या वाचनात पुन्हा दोन ठिकाणी 'पुरावा?' लिहिलं होतं.

अर्ज दोघांनी मिळून भरला. व्यवसायाच्या रकान्यात विवरणपत्रातलेच शब्द. प्रतिज्ञापत्रावर उत्पन्नाचा आकडा लिहिताना पंतांचा पेन अडला, असं वहिनींनी सांगितलं, त्या म्हणाल्या, "आहे तेवढाच लिहा."

एस.एस.बी.

लेखी परीक्षा निघाली. गणित कच्चं, ते मुलीच्या सातवीच्या पुस्तकापासून केलं होतं. प्राथमिक मुलाखतही झाली. तिथे एका अधिकाऱ्याने विचारलं की इतिहासाचा माणूस सैन्याला काय देणार, आणि पंतांनी साष्टीच्या मोहिमेतल्या रसदीवर इतकं लांबवर सांगितलं की त्यांना थांबवावं लागलं. ते तरी पास झाले.

एस.एस.बी. पाच दिवसांची. तिथे बारा चित्रांवर गोष्टी लिहायच्या असतात, त्यातलं एक चित्र कोरं. साठ शब्द दाखवतात आणि प्रत्येकाला पंधरा सेकंदांत वाक्य लिहायचं. साठ प्रसंग अर्ध्या तासात. शेवटी स्वतःविषयी लिहायचं: आईवडील तुमच्याबद्दल काय म्हणतात, शिक्षक किंवा वरिष्ठ काय म्हणतात, मित्र काय म्हणतात, तुम्ही स्वतः काय म्हणता. तयारीच्या क्लासमधले लोक याची छान छान उत्तरं पाठ करून घेतात. बायको काय म्हणते हे त्यात विचारत नाहीत. पंतांनी तो परिच्छेद आपणहून घातला. त्यात काय लिहिलं ते त्यांनी मला सांगितलं, पण ते इथे लिहू नका म्हणाले. खणाचा उल्लेख होता एवढं सांगायला त्यांची हरकत नाही.

मैदानावरच्या कामांत गटातले बाकीचे त्यांच्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान. दोर आणि फळ्या घेऊन अडथळे पार करायचे असतात. पंत म्हणाले, "मी सूचना फार दिल्या, मॅडम. हात कमी लावला. तिसऱ्या दिवशी माझं मलाच ऐकू आलं, आईच्या समोर पैसे मोजतो त्या आवाजात बोलतोय म्हणून." पाचव्या दिवशी मंडळासमोर उभे राहिले. निवड झाली नाही.

भोपाळहून रात्रीच्या गाडीने ते पहाटे ठाण्याला उतरले. वहिनी स्टेशनवर गेल्या होत्या. मासुंद्याच्या काठाने दोघं कौपिनेश्वरापर्यंत चालत गेले, आणि तिथे टपरीवर पंतांनी चहा घेतला. वहिनींनी मला हे फोनवर दोनदा सांगितलं. बाहेरचा चहा पंतांनी लग्नानंतर घेतलेला त्यांच्या आठवणीत नव्हता.

मी प्रकरण बंद करायचं विचारलं तेव्हा २०२६चा जानेवारी होता. पंत म्हणाले, "फाइल राहू द्या. ऑगस्टात ४२ पूर्ण होतात. त्याआधी जाहिरात आली तर एकदा भरता येईल." वहिनींनी मोबाइलमधलं कॅलेंडर काढून तारीख तपासली आणि म्हणाल्या, भाडेकरार नव्याने करताना अकरा महिन्यांचाच करू या, पुढचं पुढे बघता येईल. मग दोघं कसल्याशा मोडी कागदाच्या पावतीवरून वाद घालत जिना उतरले. शहापूरच्या एका माणसाकडून पैसे घ्यायचे की नाही, असा तो वाद होता.